रोवणीच्या पाण्यात

बैल घोरतो आहे. उभ्या उभ्या, डोळे टक्क उघडे ठेवून, सकाळचे आठ वाजलेले असताना. लोखंडी खोड्यात त्याची मान अडकवली आहे आणि दर श्वासागणिक नाकातून घरघर बाहेर पडते आहे. दवाखान्याच्या अंगणात आपापली गुरं घेऊन थांबलेल्यांपैकी कुणीही वळून पाहत नाही. इथे हा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

"दोन वर्सं झाले," मालक सांगतो. "रातभर असंच चालते याचं. चिखलणीले जुपलं का दोन तासांत धापा टाकते. पाहुना आला तं पुसते, गोठ्यात कोन झोपला हाय म्हनून."

अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे गाव. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी रेल्वे जंगलं, तलाव आणि धानाच्या बांध्या ओलांडत दक्षिणेला उतरते, त्या पट्ट्यातलं. ऑगस्ट लागला आहे. यंदा पाऊस लांबला म्हणून रोवणी अजून आटोपलेली नाही. ज्यांच्याकडे ट्रॅक्टरचं भाडं द्यायला पैसा नाही त्यांची सगळी भिस्त बैलजोडीवर आहे, आणि तिच्यातला एक बैल श्वास घेता येत नाही म्हणून मध्येच बसकण मारतो.

पशुवैद्यक डॉक्टर बैलाचं तोंड वर धरायला सांगतात. काडीला गुंडाळलेला कापसाचा बोळा नाकपुडीत फिरवून बाहेर काढतात. घट्ट पिवळसर शेंबूड, त्यात रक्ताची रेघ. टॉर्चच्या उजेडात नाकपुडीच्या आतल्या बाजूला दाणेदार मांस वाढलेलं दिसतं. वाट निम्मी बुजलेली आहे. खिडकीतल्या सूक्ष्मदर्शकाला आरसा आहे, त्यामुळे वीज नसली तरी दिवसाच्या उजेडावर काम भागतं. मिठाच्या पाण्याच्या थेंबात तो शेंबूड कालवून काच खाली सरकवतात आणि मला डोळा लावायला सांगतात.

आधी नुसतं धुकट. मग एक अंडं स्पष्ट होतं. विळ्याच्या पात्यासारखं वाकडं, दोन्ही टोकं निमुळती, मध्ये फुगीर. आत काहीतरी हलतं आहे. मी श्वास रोखून पाहत राहते. ते खरंच हलतं आहे.

"पाण्याची वाट पाहतंय," डॉक्टर म्हणतात.

या परजीवीचं नाव शिस्टोसोमा नेझेल. १९३३ साली मद्रासकडच्या गुरांच्या नाकातून काढून एम. अनंतनारायण राव यांनी ही वेगळी जात असल्याचं सांगितलं. बारीक धाग्याएवढे नर-मादी कृमी नाकाच्या रक्तवाहिन्यांत जोडीनं राहतात. मादी अंडी घालते, वाकडी टोकदार अंडी नाकाचं अस्तर फाडत शेंबडात उतरतात, अस्तर सुजतं, मांस वाढतं, आणि जनावर घोरायला लागतं. गायी-बैलांना हा त्रास फार. म्हशींच्या अंगात कृमी असूनही त्या बहुतेक वेळा घोरत नाहीत, धापा टाकत नाहीत, म्हणून त्यांना कुणी दवाखान्यात आणत नाही. अंडी मात्र त्यांच्याही नाकातून पडत राहतात. पूर्व विदर्भातल्या गुरांमधल्या या रोगावर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी काम केलेलं आहे; गुरांच्या दवाखान्यांना हा रोग नवा नाही. बैलाला अँटिमनीचं इंजेक्शन मिळतं. काही दिवसांनी पुन्हा एक. श्वास मोकळा होईल, डॉक्टर मालकाला सांगतात, पण तलावावर नेलंत की परत होईल.

"मंग पानी कोठं पाजू, साहेब?"

डॉक्टरांकडे याचं उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. मालक बैल सोडतो आणि दोघं ज्या रस्त्यानं आले त्याच रस्त्यानं, म्हणजे तलावाच्या पाळीवरून, घराकडे निघतात. आम्हीही मागोमाग चालू लागतो. डॉक्टरांच्या हातात रुंद तोंडाची काचेची बाटली आहे, काळ्या कापडात गुंडाळलेली. सोबत दवाखान्यातल्या परिचराचा मुलगा आहे, सातवीतला. आज शाळेला सुट्टी आहे आणि बाटलीत काय आहे ते त्याला माहीत आहे, कारण काल संध्याकाळी तलावातून ते गोळा करून त्यानंच आणलं.

पाळीवर चढलं की तलाव एकदम समोर येतो. पलीकडच्या काठाला मोहाची आणि पळसाची झाडी, मग जंगल. अलीकडे घाट. घाटाच्या एका अंगाला दोन बाया कपडे आपटत आहेत, तिथून दहा पावलांवर म्हशी पाण्यात बसल्या आहेत, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पोरं पोहत आहेत. काठ सगळा बेशरमीनं वेढलेला. तिची जांभळी फुलं दुरून सुंदर दिसतात. जवळ गेलं की तिच्या खोडांमध्ये अडकलेला गाळ, प्लास्टिक आणि हिरवं कुजकं पाणी दिसतं.

घोरणारा बैल पाण्यात उतरतो. गुडघाभर पाण्यात जाऊन मान खाली घालतो, पितो, आणि पिऊन झाल्यावर जोरात फुरफुरतो. नाकातला शेंबूड पाण्यावर पडतो.

एवढंच घडतं. पण सकाळी काचेखाली जे हलताना पाहिलं होतं त्याची वाट पाहण्याची वेळ आता संपली. गोड्या पाण्यात पडल्यावर थोड्याच वेळात अंडं फुटतं आणि केसाळ अंगाची एक सूक्ष्म अळी पोहत सुटते. तिच्याकडे काही तासच असतात. तेवढ्यात तिला एक ठरावीक गोगलगाय सापडली पाहिजे.

डॉक्टर वाकून कमळाचं एक पान उलटं करतात. खालच्या बाजूला चपट्या, तपकिरी, गोल वेटोळ्याच्या गोगलगायी चिकटलेल्या आहेत. इंडोप्लॅनॉर्बिस. एक चिरडली तर तांबडं रक्त निघतं, कारण तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. म्हणूनच जिथे प्राणवायू कमी, जिथे पाणी कुजकं आणि साचलेलं, तिथेही ती तग धरते. उन्हाळ्यात तलाव आटला की ती चिखलात शिरून पडून राहते आणि पहिल्या पावसाबरोबर वर येते. नर-मादी दोन्ही एकाच अंगात, त्यामुळे एकटी उरली तरी तलाव पुन्हा भरून टाकते. उथळ, कोमट, तणानं भरलेलं पाणी हे तिचं माहेर. आणि आपण आपल्या तलावांचं नेमकं तेच करून ठेवलं आहे.

हे तलाव असे नव्हते. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या अमलापासून कोहळी समाजातल्या लोकांनी उतार पाहून, माती पाहून पाळी घातल्या आणि पाणी अडवलं; इथून जवळचा नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं लोक सांगतात. तलावाची देखभाल गाव करत असे. दर उन्हाळ्यात गाळ निघे, तो बांध्यांत पडे, पाळीची डागडुजी होई. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली. ती जायलाच हवी होती. मालगुजाराचा जाच कुणाला परत नको आहे. पण त्याच्याबरोबर गाळ काढण्याची रीतही गेली, हे मोजायचं राहून गेलं. तलाव सरकारजमा झाले, निस्ताराचे, म्हणजे गावानं पाणी वापरायचे, हक्क कागदावर राहिले, आणि तळ दरवर्षी वर येत गेला. जिथे खोल, थंड पाणी होतं तिथे आज कमरेएवढ्या पाण्यात गवत डोलतं आहे. मासे कमी झाले, मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरातली चूल त्यामुळे मंदावली, हे अनेकांनी लिहिलं आहे. मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबतच्या ढिवर बायांनी याच भागातल्या तलावांतून बेशरम उपटून, तळ नांगरून, देशी पाणवनस्पती लावून मासे परत आणण्याचं मोठं काम केलं आहे. गोगलगायींच्या बाजूनं त्या गाळाकडे पाहणारं मात्र मला अजून कुणी भेटलेलं नाही.

ढग फाटतात आणि ऊन पडतं. डॉक्टर पाळीवरच्या दगडावर बाटली ठेवतात, कापड काढतात. आत कालच्या गोगलगायी, बोअरच्या स्वच्छ पाण्यात, रात्रभर अंधारात ठेवलेल्या. मुलगा काळं कापड बाटलीच्या मागे पडद्यासारखं धरतो. त्याला हे सगळं पाठ आहे.

बराच वेळ काही होत नाही. दहा वाजून जातात. गोगलगायी काचेवरून सरकतात, थांबतात. घाटावरच्या बाया धुणं पिळून निघून जातात. आम्ही तिघं बाटलीसमोर बसून आहोत आणि मागून म्हशींचा पाण्यातला आवाज येतो आहे. मग मुलगा हळूच म्हणतो, "आलं."

एका गोगलगायीच्या आसपास पांढुरके ठिपके दिसू लागतात. आधी तीन-चार, मग मोजता येऊ नयेत इतके. ते वर चढतात, पाण्याच्या पृष्ठभागाखाली लटकतात, थोडे खाली घसरतात, पुन्हा उसळून वर येतात. मी नकळत बाटलीच्या तोंडाकडे बोट नेते, तशी डॉक्टर माझं मनगट धरतात. "पाण्याला हात नाही लावायचा."

भिंगातून पाहिल्यावर आकार कळतो: लांबट डोकं, बारीक शेपटी आणि शेपटीला शेवटी दोन फाटे. सरकेरिया. त्या केसाळ अळीनं महिनाभरापूर्वी गोगलगायीत शिरून स्वतःच्या असंख्य प्रती केल्या आणि आता त्या बाहेर पडत आहेत. आज, उद्या, परवा, गोगलगाय जगेल तोवर रोज शेकडो. ही अळी काही खात नाही. बरोबर आणलेली शक्ती दिवसभरात संपते. त्याआधी तिला कातडी गाठायची असते. गुराची असेल तर ती आत शिरून रक्तातून वाट काढत नाकापर्यंत पोचते आणि दवाखान्याच्या अंगणात पुन्हा कुणी घोरत उभा राहतो.

ती अंधारात बाहेर पडत नाही, हे मला सगळ्यात जास्त हादरवतं. ऊन चढतं तेव्हा ती बाहेर येते, आणि ऊन चढतं तेव्हाच गुरं पाण्यावर येतात, पोरं पोहतात, बाया रोवणीला वाकलेल्या असतात. किती हजार वर्षांत तिनं हे वेळापत्रक शिकून घेतलं असेल!

पाळीच्या खालच्या बाजूला पाट आहे. तलावाचं पाणी तिथून बांध्यांत उतरतं. पाटाच्या कडेनं चालताना पाण्यात त्याच चपट्या गोगलगायी दिसतात. पाण्याबरोबर त्याही शेतावर निघाल्या आहेत.

बांधीत बाया रांगेनं वाकलेल्या आहेत. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं चिखलात जातात, रोप उभं राहतं, पाऊल मागे. पुन्हा तेच. रोवणीचं गाणं चालू आहे, एका टोकाची बाई ओळ उचलते आणि बाकीच्या झेलतात. शेजारच्या बांधीत बैलांची चिखलणी सुरू आहे. बैल चालता चालता शेण टाकतात आणि ते चिखलात मिसळून जातं. गुरांच्या आतड्याच्या रक्तवाहिन्यांत राहणारे या कृमीचे दोन भाऊबंद आहेत, स्पिंडेल आणि इंडिकम. त्यांची अंडी शेणातून येतात. त्यांना गोगलगायही हीच लागते. तेव्हा तलाव दूर राहिला, तरी शेण, शंख आणि माणसाचा पाय या एका बांधीतच एकत्र आहेत.

जेवणाच्या सुट्टीत बाया धुऱ्यावर येऊन बसतात. शिदोऱ्या सुटतात. मी पायांबद्दल विचारते आणि सगळ्या एकदम बोलू लागतात.

"चिखल्या नाई ह्या," एक काकू पातळ थोडं वर सरकवून नडगी दाखवतात. "चिखल्या बोटाच्या सांदीत होतेत. हे पाहा, इथपर्यंत." पाण्याची पातळी जिथे येते तिथपर्यंत, घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत, लाल पुटकुळ्या. काही खाजवून फुटलेल्या, एक पिकलेली. "पान्यात असलं का चुनचुन करते. घरी गेलं का सुरू. रातभर खाजवते मी. सकायी पुन्हा पान्यात."

"युरियाचं पानी हाय," दुसरी म्हणते.

"तननाशक मारते न तो पाटील, त्याच्यानं."

असूही शकतं. खतानं आणि औषधानं कातडी जळते, ते खोटं नाही, आणि बायांच्या या तक्रारीला कुणी हसून वाटेला लावू नये. पण डॉक्टर त्यांना विचारतात की खत न टाकलेल्या बांधीतही खाजतं का. बाया एकमेकींकडे पाहतात. खाजतं. तलावाच्या पाण्यावरच्या बांध्यांत जास्त, बोअरच्या पाण्यावर कमी. हे त्यांना आधीपासून ठाऊक आहे. कुणी विचारलं नव्हतं.

एक तरुण सून गप्प बसून आहे. तिचे पाय स्वच्छ आहेत. "इले काईच होत नाई," काकू सांगतात. "शहरातून आली, गेल्या साली लगन झालं. आमचे पाय पिकतेत, हिचे गोरे." बाकीच्या हसतात. मुलगी संकोचते.

डॉक्टर हसत नाहीत. गुरांची ही अळी माणसाच्या कातडीतही शिरते, पण तिला पुढची वाट सापडत नाही; ती तिथेच मरते. आपल्या शरीराची तिच्याशी जी झुंज होते तिची ही खाज. पहिल्यांदा शरीर तिला नीट ओळखत नाही, म्हणून थोडंच काही होतं. दरवर्षी ओळख वाढते आणि खाजही. जितके जास्त पावसाळे चिखलात, तितके पाय जास्त पेटतात. काकूंचे पाय तीस-पस्तीस रोवण्यांचे आहेत. सुनेचे पाय पुढल्या-त्यापुढल्या वर्षी बोलू लागतील. मला त्या मुलीकडे पाहवत नाही.

पाण्यातून निघाल्याबरोबर पाय कोरड्या फडक्यानं खसखसून पुसायचे, अंगावर पाणी वाळू द्यायचं नाही, उतरण्याआधी तेलाचा जाड हात फिरवायचा, एवढं डॉक्टर सांगतात. काकूंना तेल माहीत आहे, करंजीचं लावतात त्या. फडकं नवीन आहे. ठेक्याच्या रोवणीत, जिथे बांधी संपवण्यावर मजुरी ठरते, तिथे पाय पुसायला किती वेळा वर येता येईल, हा प्रश्न मी विचारत नाही, कारण उत्तर समोरच बसलं आहे.

माणसाच्या रक्तातच घर करणारी शिस्टोसोमाची जात आफ्रिकेत कोट्यवधी लोकांना छळते. ती आपल्याकडे नाही, असं मानलं जात होतं. १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात, गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण नोंदवले आणि ती तिथे सापडली. नखाहून लहान गोगलगाय, एक ओढा, आणि त्यात रोज उतरणारी माणसं. औषधं दिली गेली, गोगलगायींवर फवारणी झाली, रोग आटोक्यात आला. गोंदियात तसं काही नाही, आणि बायांच्या पायांवरची खाज जीव घेत नाही. पण गिमवीनं दाखवलं होतं की आपल्याकडचं पाणी आणि आपल्याकडचा शंख अशा रोगाला आसरा देऊ शकतात. जो रोग मारत नाही त्याच्याकडे पाहायला कुणी येत नाही, आणि इथला पाण्याचा हिशेब तसाच उघडा राहतो.

धुऱ्यावरच्या मोहाखाली एक वृद्ध बाबाजी बसले आहेत, पाटाच्या पाण्यावर लक्ष ठेवत. आमचं बोलणं ऐकून ते मध्येच म्हणतात, "नारू गेला तसा हा नाई जात का?"

मी चमकून त्यांच्याकडे पाहते. नारू! ते पोटरीवर हात ठेवून दाखवतात कुठून निघायचा ते. रोज थोडा थोडा काडीला गुंडाळायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने पडून राही. त्यांच्या मामाला झाला होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरणाऱ्याच्या पायातून नारूची पिलं पाण्यात पडत, पाण्यातल्या बारीक किड्यात वाढत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात जात. नारूवर औषध नव्हतं, लस नव्हती, आजही नाही. तरीही तो भारतातून गेला. शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत राजस्थानात सापडला आणि २००० च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त असल्याचं जाहीर केलं. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हातपंप बसवले, पाणी फडक्यानं गाळायला शिकवलं, आणि रुग्णाला पाण्यात उतरू दिलं नाही. पाय आणि पाणी यांची गाठ तोडली.

बाबाजींचा प्रश्न म्हणूनच मला आजच्या दिवसातला सगळ्यात शहाणा प्रश्न वाटतो. या रोगाची गाठ तोडायची जागाही दिसते आहे: गुरांना तलावात न उतरवता पाळीवर पाणी पाजायचा हौद. गुराचं नाक आणि तलावाचं पाणी वेगळं झालं की गोगलगायीला अळी मिळत नाही. शेण पाटाकडे वाहू न देणं. घाटाजवळचं तण काढणं. म्हशींसाठी एक वेगळी बोडी, म्हणजे त्यांना डुंबायलाही मिळेल आणि घाट माणसांना राहील. यातलं काहीही औषधाच्या दुकानात मिळत नाही. म्हणून ते कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

रात्री साडेआठनंतर गावात वेगळीच माणसं येतात. पाठीवर पिशव्या, हातात टॉर्च, काचपट्ट्यांच्या पेट्या. हत्तीरोगाच्या रक्तनमुन्यांचं पथक. गोंदिया हा या रोगाचा जुना जिल्हा. माणसाच्या रक्तातले या कृमीचे सूक्ष्म जंतू दिवसा फुप्फुसांत दडून बसतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात, क्युलेक्स डास चावतो त्याच वेळी. सकाळी पाळीवर पाहिलेलं वेळापत्रक इथे उलटं लागलं आहे: ती अळी सूर्य पाहून निघते, हे जंतू रात्र पाहून. म्हणून हे पथकही रात्रीचं हिंडतं. दारोदारी बोट टोचायचं, रक्ताचे थेंब काचेवर पसरायचे, नंबर लिहायचा. पेंगुळलेली पोरं रडतात. म्हातारी बोट द्यायला तयार होत नाही, मग नातू देतो आणि तीही देते.

गल्लीच्या मागे हातपंपाचं सांडपाणी आहे. उघडी नाली, पुढे वाट नाही, पाणी घरांच्या पाठीशी तुंबलेलं. टॉर्चचा झोत टाकला की पृष्ठभागावर डासांच्या अळ्या वळवळतात. या डासाला घाण पाणीच आवडतं. पंपानं नारू घालवला, आणि पंपाभोवती साचलेल्या पाण्यानं डास पोसला. पंपाशेजारी शोषखड्डा खणायला फार काही लागत नाही. दगड, विटांचे तुकडे, वाळू आणि दोन माणसांचं एका दिवसाचं काम. हत्तीरोगाच्या गोळ्या दरवर्षी वाटल्या जातात, त्या समोर गिळायला लावाव्या लागतात कारण लोक त्या खिशात टाकतात, आणि २०२७ पर्यंत हा रोग देशातून संपवायचं उद्दिष्ट केंद्र सरकारनं ठेवलं आहे. गोळी घ्यायलाच हवी, हे मी ओट्यावरच्या प्रत्येकाला सांगते. पण गोळी पोटात आणि नाली घरामागे, असं किती दिवस?

ओट्यावर एक गृहस्थ पाय पसरून बसले आहेत. उजवा पाय गुडघ्यापासून खाली सुजून जाड झालेला, कातडी खरबरीत. त्यांची मुलगी टपात पाणी घेऊन तो पाय साबणानं धुते आहे, बोटांच्या सांदीपर्यंत, मग मऊ कापडानं टिपते आहे. सूज परत जाणार नाही. पण पाय असा रोज धुतला की वारंवार येणारा ताप आणि ठणका कमी होतो. ते तिला आरोग्यसेवकानं शिकवलं आहे आणि ती ते चोख करते.

धुऱ्यावरच्या काकू रांगेत आहेत. बोट टोचून झाल्यावर त्या जात नाहीत. टॉर्चच्या उजेडात नडगी पुढे करतात. "हे पाह्यता का, भाऊ?"

आरोग्यसेवक वाकून पाहतो. "मावशी, खरजेचं मलम देतो उद्या. चिखलानं होते."

मी त्याला मोबाइलमधलं चित्र दाखवते: भिंगातून टिपलेली, दोन फाट्यांच्या शेपटीची अळी. कुठली म्हणून विचारतो. इथली, तुमच्याच तलावातली, आज सकाळची, मी सांगते. बैलाचं नाक, गोगलगाय, काकूंची नडगी, हे सगळं एका दमात सांगून टाकते. तो चित्र मोठं करून पुन्हा पाहतो. तरुण आहे, दिवसभर आणि आता रात्रीही चालतो आहे, तरी त्याच्या चेहऱ्यावर थकव्याच्या जागी कुतूहल आलं आहे.

"इतकी वर्षं पावसाळ्यात या गावाला मलमाच्या नळ्या देतोय," तो म्हणतो. "गुरांच्या दवाखान्यात कधी गेलोच नाही. ते आणि आम्ही कधी एकत्र बसत नाही ना, मॅडम."

दोन्ही दवाखाने एकाच रस्त्यावर आहेत. रक्ताच्या काचा एकीकडे जातात, शेंबडाच्या दुसरीकडे, आणि पाणी मात्र एकच. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली दुरुस्त करायला सगळ्यात स्वस्त जागा हीच आहे.

तो डॉक्टरांचा नंबर मागतो. मी देते. काकू विचारतात की हौदाचं ग्रामसभेत कोण बोलणार. बाबाजींना उभं करू, कुणीतरी म्हणतं, त्यांचं ऐकतात. पण बोअरपासून पाळीपर्यंत पाइप कोण टाकणार, आणि वीजबिल? यावर गल्लीत वाद सुरू होतो. बैलाचा मालकही त्यात आहे. माझा बैल हौदाचं पानी पिनार नाई, तो म्हणतो, त्याले तलावाची सवय हाय. दोन दिवस तहानलेला ठेव, पिते का नाई पाह्य, काकू त्याला सुनावतात.

"मी उद्या सकाळी आठला येतो तलावावर," आरोग्यसेवक डॉक्टरांना फोनवर सांगत असतो. "मला ती बाटली पाहायची आहे."

परिचराचा मुलगा आईच्या मागून पुढे येतो आणि त्याची बाही ओढतो.

"आठले नका येऊ, भाऊ. ऊन चढल्यावर या. दहानंतर. त्याच्या आधी बाटलीत काईच दिसत नाई."